मिठाची ठिणगी

चिचझरी गाव वसलेलं होतं तोवर त्याची कुणी दखल घेतली नाही. डांबरी रस्ता आला नाही, एसटी फाट्यावरूनच वळून जायची आणि तालुक्याच्या साहेबांना गावाचं नाव दरवेळी दोनदा सांगावं लागायचं. मग वीज केंद्राची राख साठवायला जागा हवी झाली, तेव्हा मात्र सगळ्यांना एकदम चिचझरी दिसली. गाव उठवून फाट्यापलीकडे पत्र्याच्या वसाहतीत नेऊन बसवलं. चहूबाजूंनी बांध घातले आणि पाण्यात कालवलेली राख पाइपांतून येऊन ओट्यांवर, विहिरीत, शेतांत थरावर थर बसत गेली. पुढे उन्हाच्या विजेनं कोळशाला घरी बसवलं आणि धुराडी थंड पडली. राखेचं तळं तेवढं मागे राहिलं. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात वारा सुटला की वसाहतीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर त्या गावाची राख येऊन बसायची.

इतक्या वर्षांनी त्याच राखेसाठी लोक धावत आले. त्याचं कारण साधं होतं. कोळसा जळतो तेव्हा जळण्यासारखं सगळं जळून जातं आणि न जळणारं मागे उरतं. कोळशात अगदी चिमूटभर असलेली दुर्मीळ मूलद्रव्यं राखेत दाट होतात, आणि गाड्यांच्या मोटारींतल्या चुंबकांना नेमकी तीच लागतात. अडचण एवढीच होती की ती पिठाहून बारीक अशा काचेच्या मण्यांत अडकलेली असतात आणि ते मणी एरवीच्या राखेतून वेगळे काढणं कुणाला जमत नव्हतं. मग आवाजाची चाळणी निघाली. ठरावीक पट्टीचा सूर लावला की हवेत तरंगणारे हलके मणी एका बाजूला जातात, जड दुसऱ्या बाजूला. चाळणी ट्रकवर मावण्याएवढी झाली आणि बड्या कंपनीचे व्हॅक्यूम ट्रक राखेच्या तळ्यावर येऊन उभे राहिले. हत्तीच्या सोंडेसारखा जाड पाइप पुढे लोंबत असायचा, म्हणून वसाहतीतली माणसं त्यांना हत्तीच म्हणायची.

सोंड धरायच्या कामाला वनिता जेनेकर हिनं सगळ्यांच्या आधी नाव दिलं, तेव्हा वसाहतीत कुजबुज झाली. ज्या राखेच्या नावानं ही बाई बोटं मोडायची, तिच्याच दारात चाकरीला निघाली म्हणून. नवरा मारोती तर ऐकून उठूनच गेला. बॅटरीच्या रिक्षा दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. तिथं जाऊन बसला आणि दिवसभर जेवायला आला नाही. वनितानं कुणाला काही समजावून सांगितलं नाही. तिला पगाराशी फारसं देणंघेणं नव्हतं. तिला तिची गुड्डी हवी होती.

गुड्डी तिची मुलगी. पाच महिन्यांची असताना तापानं गेली. एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, पुरतात. रीतीप्रमाणे बाप आणि भावकीतली दोन माणसं तिला कापडात गुंडाळून घेऊन गेली. आईनं मागे जायचं नसतं आणि जागाही विचारायची नसते. म्हाताऱ्या म्हणायच्या, आईला जागा कळली की ती तिथंच जाऊन बसते, मग तिचा संसार होत नाही. उन्हं कलल्यावर मारोती परत आला. वनिता आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. दारातून तिला फक्त त्याचे पाय दिसले, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. ती समजून गेली. गावातली लेकरं नाल्यापलीकडे बाभळींखाली पुरायचे. भादव्याचा नाला ओलांडल्याशिवाय तिथं जाता येत नसे आणि असा चिखल दुसरा कुठला असणार? त्या पायांनी तिला जागा सांगितली होती, तोंडानं कुणी सांगितली नव्हती.

पुढे दुसरं लेकरू झालं नाही. दोघांच्या तोंडाला त्या नावापुरतं कुलूपच लागलं. वर्षामागून वर्ष गेलं, गाव राखेखाली गेलं, पण एकमेकांसमोर त्यांनी गुड्डीचं नाव काढलं नाही. आणि आता हत्ती येऊन सगळं गाव उपसणार, वरची राखच नव्हे, राखेचं पाणी मुरलेली हातभर मातीसुद्धा नेणार, हे ऐकल्यावर वनिताच्या जिवाचं पाणी पाणी झालं. दुसऱ्या कुणाच्या हातात सोंड असली तर तो काय बघणार आहे? आपण तिथं असलो पाहिजे. जे काही उरलं असेल ते आपल्या हातांनी उचलायचं आणि पुन्हा कुणी राख टाकणार नाही अशा जागी नीट पुरायचं. मारोतीला आत्ताच कशाला सांगायचं, आधी हाती लागू दे, असा तिचा हिशेब होता.

तिला काम शिकवलं पोचन्नानं. तेलंगणाच्या सीमेवरचा हा माणूस आधी सिमेंटच्या कारखान्यांत कोठारं साफ करायचा. त्याची मराठी तीन भाषांची खिचडी असली तरी बोलणं मोठं गोड होतं.

“ताई, हा ट्रक ओढते असं वाटून राहिलं ना तुमाले? तो काईच ओढत नाही,” पहिल्याच दिवशी तो म्हणाला. “ओढणारं या जगात काईच नसते. मागचा पंखा टाकीतली हवा बाहेर फेकते. टाकी झाली रिकामी. मंग बाहेरची हवा, हे आपल्या डोक्यावरची, ते घुसते सोंडीतून आत. घुसता घुसता राखेले पाठीवर घेऊन जाते. आपण सरबत पितो नळीतून, तवा बी तसंच. सरबताले हवाच खालून वर ढकलते, अन् आपल्याले वाटते आपण ओढलं.”

टाकीत गेलं की वाट एकदम रुंद होते, हवेचा वेग पडतो आणि खडे, माती, जड ते तळाशी बसतं. तळाचा तो जड माल पुढे फाट्याकडच्या नव्या बांधाच्या भरावाला जातो. उरलेली हवा शेजारच्या उभ्या नळकांड्यात भोवऱ्यासारखी फिरते. तिथं मधला माल भिंतीवर आदळून घसरत खाली येतो. अगदी बारीक धूळ कापडी पिशव्यांत अडकते आणि मागून बाहेर पडते ती स्वच्छ हवा. मग ती बारीक धूळ आवाजाच्या चाळणीकडे जाते. एवढं सगळं वनिता दोन दिवसांत शिकली. खरं कसब सोंडेच्या तोंडाशी होतं. तोंड राखेत खुपसलं की हवा आत जायला जागा राहत नाही. मग पाइप धडपडतो, चपटा होतो आणि काम थांबतं. तोंड वीतभर वर धरायचं, हवेला वाट ठेवायची.

“श्वास घेऊ द्या तिले,” पोचन्ना सारखा सांगायचा.

राख वर्षानुवर्षं भिजून सिमेंटसारखी घट्ट झाली होती. एकदा पापडी धरल्यावर तिच्याखाली पावसाचा थेंब उतरला नव्हता. दाबाखालच्या हवेचा झोत मारून ती आधी फोडायची, मग सोंड लावायची. कुदळ कुठेच लागत नसे. त्यामुळे खालून गाव जसंच्या तसं वर येऊ लागलं. ओटे आले, उंबरे आले, देवळाची पायरी आली. एका चुलीत अर्धवट जळलेलं लाकूडसुद्धा निघालं. शेजारच्या सुगंधाबाईंच्या अंगणातलं दगडी उखळ निघालं तेव्हा वनिताला हसू आलं. त्या उखळावरून दोन जावांची भांडणं लागायची.

सोंडेच्या तोंडाशी एक कडं होतं. त्याला सगळे ‘नाक’ म्हणायचे. आत शिरणाऱ्या मालावर ते लेझरच्या बारीक ठिणग्या पाडायचं. प्रत्येक मूलद्रव्य ठिणगीत आपापल्या रंगानं उजळतं आणि त्या रंगावरून नाक ओळखतं की काय चाललंय. मनगटावरच्या पडद्यावर नावं झरझर उमटायची. हे वनिताला समजावताना इंजिनिअर तन्वी देशकरनं वहीकागद काही घेतला नाही. “भात उतू गेला की गॅसची ज्योत पिवळी होते ना, वनिताताई? ते मिठामुळे. तांब्याची हिरवी होते. नाक एवढंच करतं, फक्त फार लवकर.” तन्वी नागपूरची होती, चुणचुणीत आणि मनानं चांगली. आपल्याला ठाऊक नसलेली गोष्ट ती सरळ विचारायची, आणि पुढचं सगळं तिच्या अशाच एका विचारण्यातून झालं.

नाकाला हाड ओळखता यायचं. हाड आलं की ट्रक आपोआप बंद पडायचा. माणसाचं असेल तर तपासायचं, पंचनामा करायचा, असा नियम होता. पण गावात मेलेली गुरं, शेळ्या, कोंबड्या काय थोड्या असतात? ट्रक घडीघडी थांबू लागला. प्रत्येक वेळी अर्धा दिवस जायचा आणि निघायचा तो बकरीचा पाय.

एके सकाळी तन्वी गावाचा जुना नकाशा घेऊन आली. “ताई, तुम्ही इथल्याच. माणसं कुठे पुरलेली आहेत तेवढं दाखवा. तो भाग आपण सगळ्यात शेवटी, हातानं, ब्रशनं काढू. बाकी ठिकाणी नाकाला सांगून टाकू की हाडाकडे लक्ष देऊ नकोस.”

वनितानं क्षणभरही विचार केला नाही. स्मशानाची जागा दाखवली आणि नाल्यापलीकडच्या बाभळींभोवती बोटानं मोठं कुंपण काढलं. मनातून तिला बरंच वाटलं. आता गुड्डीला सोंड लागणार नव्हती.

“नक्की ना? आणखी कुठे नाही?” तन्वीनं विचारलं.

“नाही. आमच्या गावची रीत आहे,” वनिता म्हणाली. घरी जाऊन एकदा मारोतीला विचारावं, असं तिच्या मनात आलंच नाही असं नाही. आलं होतं. पण विचारायचं तर ते नाव तोंडातून काढावं लागलं असतं.

त्यानंतर काम झपाट्यानं सुरू झालं. घरं झाली, शेतं सुरू झाली. त्यांच्याच शेतावर सोंड आली तेव्हा वनितानं ती दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही. घरामागच्या बांधावर मोहाचं खोड करपल्यासारखं उभं होतं. तिथली माती उचलताना पडद्यावर एकदम पिवळं उमटलं. मीठ, मीठ, मीठ. राखेत असं मीठ कधी येत नसे.

“काय वं ताई, कोणाचं लोणचं सांडलं का इथं?” पोचन्नानं ट्रकजवळून ओरडून विचारलं.

वनिता हसली. “आमच्या बैलाचं असंन. इथंच बांधाचे हे त्याले. हातावर मीठ घेऊन चाटवाचे.” बोलता बोलता तिला तो मारोती आठवला, तळहात पुढे करून उभा असलेला, बैलाच्या खरखरीत जिभेनं गुदगुल्या होऊन हसणारा. किती दिवसांत तो असा हसला नव्हता. तिनं सोंड वीतभर वर धरली, हवेला वाट ठेवली आणि ती पिवळी जागा अगदी निगुतीनं, कडा सारख्या करत साफ करून टाकली. त्या दिवशी ती घरी गेली ती बऱ्या मनानं.

नाल्याकाठ शेवटी आला. तिथं ट्रक दूर उभा केला. हातात ब्रश आणि लाकडी पट्ट्या घेऊन वनिता गुडघ्यांवर बसून काम करायची. डोळ्यांत तेल घालून बघायची. तिथं लेकरं होती. नखाएवढी हाडं, काळ्या मण्यांचा दोरा, एका जागी चांदीचं बाळलेणं. एकेकाला ती नव्या मडक्यात ठेवायची आणि मडक्याच्या तोंडाला पांढरं फडकं बांधायची. यातली गुड्डी कोणती ते कळायला मार्ग नव्हता. पण यातच आहे, एवढं तिला पुरत होतं.

कंपनीनं रविवार ठरवला. ज्यांची लेकरं नाल्याकाठी होती त्यांनी यावं, मडकी न्यावीत, आणि ज्यांना उघडं पडलेलं गाव बघायचं असेल त्यांनीही यावं. आता सांगावंच लागणार होतं. सकाळी चहाचा कप मारोतीपुढे ठेवताना वनिता म्हणाली, “अजी, रविवारी तुमी संग चला. नाल्यावर लेकरं भेटली. आपली गुड्डी बी असंन त्याच्यात.”

त्या घरात ते नाव किती वर्षांनी उच्चारलं गेलं होतं. मारोतीनं कप तसाच धरून ठेवला.

“नाल्यावर?” तो म्हणाला.

“हो. बाभळीखाली.”

तो तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, नाव ऐकून त्याचा जीव कालवला असेल. चहा तसाच राहिला. दुकानातून येताना मात्र तो कागदात बांधलेली एक पुडी घेऊन आला आणि खुंटीवरच्या पिशवीत ठेवली.

रविवारी गाव भरलं. आपापल्या ओट्यांवर माणसं उभी होती. घरांना भिंती नव्हत्या, छप्परं नव्हती, तरी जो तो उंबऱ्यातूनच आत जात होता. एक म्हातारी रिकाम्या चुलीसमोर बसून सुनेला दाखवत होती की इथं पाटा होता, इथं रांजण. नाल्याकडच्या बाजूला मांडव घातला होता आणि मडकी ओळीनं ठेवली होती. वनिता तिथं पोचन्नाच्या शेजारी उभी राहून वाट बघत होती.

मारोती आला. आपल्या ओट्यापाशी तो थांबला, उंबऱ्याच्या दगडाला वाकून हात लावला. आता तो उजवीकडे वळेल, नाल्याकडे येईल. वनितानं हातसुद्धा वर केला.

तो वळला नाही. घराच्या मागून सरळ शेताकडे चालू लागला. पाऊल अडखळत नव्हतं. डोळे मिटूनही वाट सापडणाऱ्या माणसासारखा तो बांधावर गेला आणि मोहाच्या खोडापाशी जाऊन उभा राहिला.

काय झालं ते वनिताला अजून पुरतं कळलं नव्हतं, पण पायांना कळलं. ती पळतच सुटली. मागून पोचन्ना काहीतरी विचारत होता. तिनं ऐकलं नाही.

मारोती खोडाच्या सावलीकडच्या बाजूला बसला होता. पुढे साफ उपसलेली, कडा सारख्या केलेली जागा होती. त्यानं पिशवीतली पुडी काढून मांडीवर ठेवली होती. पुडीत खडेमीठ होतं.

“इथं होती,” तो म्हणाला.

“तुमी तं नाल्यावर नेली होती.” वनिता त्याच्यासमोर उभी राहिली. “पाय चिखलानं भरले होते तुमचे.”

“गेलतो ना नाल्यावर. पानी कमरेच्या वर होतं. भावकीच्या त्या दोघाईनं म्हटलं, चाल, कसाबसा जाऊ. मीच नाही म्हनलं. वाहून-गिहून गेली असती हातातून. वापस आनली अन् इथं ठेवली. घराच्या जवळ.” त्यानं मांडीवरच्या पुडीकडे बघितलं. “कोल्ह्यानं उकरू नाही म्हनून मीठ टाकलं होतं. स्वयंपाकघरातली बरनी अख्खी रिकामी केलती.”

बरणी. सुतक फिटल्यावर वनिता पहिल्यांदा चुलीपाशी गेली तेव्हा मिठाची बरणी रिकामी होती. आलेल्या बायकांनी स्वयंपाकात संपवलं असेल, असं म्हणून तिनं शेजारून वाटीभर उसनं आणलं होतं. ती वाटी, तो ओला डाग असलेला बरणीचा चिनी मातीचा तळ, सगळं तिला आत्ता दिसलं.

“मले सांगतलं काऊन नाही?”

“बुढ्या म्हनत, मायले सांगू नाही.” मारोतीनं उपसलेल्या जमिनीवरून हात फिरवला. “मंग तू बी कधी विचारलं नाही. मले वाटलं, तुले नको असंन.”

खाली तपकिरी माती होती, घट्ट, निर्मळ. तिच्यात काही नव्हतं. मारोतीनं थोडं उकरून बघितलं, बोटं झटकली.

“हातभर खाली होती. तुमा लोकाईले काई लागलं होतं का वं इथं?” आणि तिनं उत्तर द्यायच्या आत तोच म्हणाला, “नसंनच लागलं. माती झाली असंन इतक्या दिवसात. लेकराचं काय, मऊ हाड.”

वाट त्यानंच करून दिली होती. वनितानं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. माती झाली असेल, असं दोघांनी धरून चाललं असतं. मडक्यांपैकी एक उचलून तीच गुड्डी म्हणून नेलं असतं तरी कुणी हटकलं नसतं. पण इतकी वर्षं न बोलून काय झालं ते तिच्या पायापुढेच उघडं पडलेलं होतं.

“लागलं होतं,” ती म्हणाली. “मीठ लागलं होतं. मशीननं सांगतलं. मले वाटलं, बैलाचं.”

मारोतीनं मोहाच्या खोडाला हात टेकला.

“हाड सांगू नको म्हनून मीच म्हटलं होतं मशीनले. म्यानंच नकाशा दाखवला, नाल्यावरचा. अन् इथं सोंड माह्याच हातात होती. म्यानंच उचललं. कोणाच्या हातात नाही देल्ली, आपलं शेत म्हनून.”

तिला वाटलं तो ओरडेल. तिला तेच हवं होतं. पण मारोती ओरडला नाही. त्यानं पुडी उघडली, पुन्हा बांधली. आणलेलं मीठ कुठे टाकायचं ते त्याला कळेना.

“मंग कुठं गेली?” त्यानं विचारलं.

“जड माल टाकीत खाली बसते. तो नव्या बांधात टाकते. त्याच्यावरून रोलर फिरवते.” आणि मग, तो विचारणार हे ओळखून तिनं सांगून टाकलं, “कोणत्या जागी ते सांगता येत नाही. सगळं एक होते.”

मांडवातून त्यांना बोलावणं आलं. दोघंही गेली नाहीत. तन्वी स्वतः शेतापर्यंत आली. वनितानं तिला चार शब्दांत सांगितलं. ती पोरगी पांढरीफटक पडली. माफी मागायला तिनं तोंड उघडलं, पण कुणाची आणि कशाची मागायची ते न समजून तशीच उभी राहिली. “तू तं विचारलं होतं बाई,” वनिता तिला म्हणाली, “घरी विचारायचं होतं, ते म्यानंच नाही विचारलं.” मग ती मारोतीला घेऊन निघाली.

बाहेर जायचा रस्ता एकच होता आणि तो नव्या बांधावरूनच जात होता. मारोतीची रिक्षा बांधाच्या तोंडाशी उभी होती. तो चाव्या हातात घेऊन थांबला. पुढे बांध सरळ फाट्यापर्यंत पसरलेला होता, नीट दाबलेला, दोन्ही कडांना कडुलिंबाची रोपं लावलेला.

“हाच का?”

“हाच.”

त्यानं चाव्या खिशात टाकल्या. वाकून चपला काढल्या, एकीवर एक ठेवून हातात घेतल्या आणि अनवाणी चढला. वनितानंही चपला काढल्या. वैशाखाचं ऊन होतं, बांध तव्यासारखा तापला होता. मागून येणाऱ्या रिक्षा, मोटारसायकली त्यांना ओलांडून जात होत्या. एकदोघांनी हाक मारली, बसता का म्हणून विचारलं. मारोतीनं हातानंच नको म्हटलं. मधूनच तो पुडीत बोटं घालायचा आणि दोन खडे टाकायचा. पुन्हा थोडं चालला की पुन्हा दोन.

“पुरनार नाही ते,” वनिता म्हणाली.

“पुरंन तेवढं पुरंन.”

अर्धा बांध संपला. मारोती खालच्या मातीकडे बघत चालत होता. मग वर न बघताच त्यानं विचारलं, “लय जोरानं ओढते का वं ते मशीन?”

पोचन्नानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच वनितानं सांगितलं, शब्द शोधत, हळूहळू.

“ओढत नाही ते. ओढणारं काईच नसते तिच्यात. टाकी रिकामी असते, म्हनून बाहेरची हवा आत जाते. आपल्या अंगावरची हे अशी. तेच पाठीवर घेते अन् नेते.”

“हवाच नेते?”

“हवाच.”

“म्हंजे उचलून नेते.”

“हो. उचलून.”

मारोतीनं मान हलवली. दोनतीनदा हलवली. “मंग ठीक आहे,” तो म्हणाला आणि पुडीतले शेवटचे खडे हातावर घेतले.

वनितानं पुढचं सांगितलं नाही. हवा सोंडेत शिरते ती वादळाच्या वेगानं, आणि पाइप जिथं वळतो तिथं खडा आदळला की बाहेर उभ्या माणसाला ठण्णकन ऐकू येतं. त्या दिवशी मोहाच्या खोडाशी काही वाजलं होतं की नाही, ते ती आठवून बघत होती. काही वाजलेलं आठवत नव्हतं. पण त्या दिवशी ती हसत होती, आणि हसताना नीट ऐकू येत नाही.